‘मी कोण सांगणारी?’ : आध्यात्मिक अनुभवावर पुस्तक लिहिताना

ध्यानात, आजारपणात, जवळचं माणूस गेल्यावर, तर कधी वरवर पाहता काहीच कारण नसताना एखाद्याला विलक्षण अनुभव येतो. जगण्याकडे बघण्याची नजर बदलते आणि काही महिन्यांत एक इच्छा उचल खाते: हे लोकांना सांगायला हवं, पुस्तक लिहायला हवं. समुपदेशनाला माणसं येतात ती मात्र या इच्छेपायी नाही, तिच्या मागोमाग आलेल्या धास्तीपायी. हा अहंकार तर नाही ना? लोक हसतील का? मी स्वतः अजून चिडते, मग लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?

पुढची हकिकत एकाच व्यक्तीची नाही. अशा कामात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती उभी केली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, हिशेब तपासण्याच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या एक बाई. आई गेल्यानंतर ध्यानाला बसू लागल्या. एका पहाटे ‘मी’ म्हणून काही उरलंच नाही, असा अर्ध्या तासाचा अनुभव आला आणि रात्री तीनला उठवून बसवणारी मरणाची भीती जवळजवळ गेली. वर्षभरात १४० पानं हाताने लिहून झाली आणि तिथेच गाडी अडली. मुलाला वाचायला दिलं, तर चार पानं वाचून तो म्हणाला, “आई, हे आधी तू वाच.” त्याच सकाळी किल्ली सापडेना म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण,” असं त्या स्वतःबद्दल पहिल्याच भेटीत बोलून गेल्या.

पुस्तकाचं बोलण्याआधी झोपेची चौकशी करावी लागते. सलग चार किंवा जास्त दिवस दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, रात्र रात्र लिखाण, बोलण्याचा वेग वाढलेला, पैसा सैल सुटलेला, ‘माझीच निवड झाली आहे’ ही खात्री आणि कुणी टोकलं की संताप, असं चित्र असेल तर ती उन्माद (मॅनिया) या मानसिक आजाराची सुरुवात असू शकते. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ, वही नंतर. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक गूढ अनुभवाला आजार ठरवणंही चूकच. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ च्या निदान-पुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ असा वेगळा प्रकार घातला, तो मानसिक विकारांच्या यादीबाहेर. या बाईंची झोप सहा-सात तासांची होती, काम नीट चाललं होतं, घरच्यांनाही वागण्यात विचित्र काही दिसलं नव्हतं. वही पुढे घ्यायला हरकत नव्हती.

पहिल्या पानाचं पहिलं वाक्य होतं: “तुम्ही शरीर नाही, मन नाही, तुम्ही शुद्ध चैतन्य आहात.” वाक्य खोटं नाही, पण हजारो पुस्तकांत असलेलं. ते या बाईंचं कशावरून? विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०१-०२ च्या एडिनबरा येथील व्याख्यानांत गूढ अनुभवाच्या चार खुणा सांगितल्या होत्या: तो शब्दांत मावत नाही, काहीतरी कळल्याची पक्की खात्री देतो, फार टिकत नाही आणि आपण केला असं न वाटता आपल्यावर उतरला असं वाटतं. लिखाण अडण्याचं कारण बहुतेकदा या चारांतच सापडतं. शब्दांत मावत नाही, म्हणून लेखक उसन्या शब्दांकडे वळतो. खात्री पक्की असते, म्हणून सूर आज्ञेचा होतो. जेम्सने हेही बजावलं होतं की ही खात्री ज्याला अनुभव आला त्याच्यापुरती. बाहेरच्याने ती डोळे मिटून मानावी असं बंधन नाही. पण आत्मविकासाच्या पुस्तकाची खरी गोची चौथ्या खुणेत आहे. जे आपोआप घडलं, त्याची कृती लिहून देता येत नाही. वाचकाला मात्र कृतीच हवी असते.

मग सांगायचं काय? त्यासाठी १४० पानांवर तीन रंगांच्या पेन्सिली चालवल्या. जे घडलं ते निळ्याने, जे केलं ते हिरव्याने, आणि त्याचा जो अर्थ लावला तो लाल रंगाने. हे काम लेखकानेच करायचं, समुपदेशकाने नाही. रंग ठरवताना होणारी घालमेल हाच त्यातला उपयोगाचा भाग. बाईंच्या वहीत लाल शंभराच्या वर पानं निघाली, निळी पंचवीस-तीस आणि हिरवी फक्त अकरा. अशा बहुतेक हस्तलिखितांचा अनुभव असाच असतो: अर्थ उदंड, कृती चिमूटभर. आत्मविकासाच्या पुस्तकात निम्म्याहून जास्त मजकूर हिरवा हवा, निळा फार तर पाव.

हिरव्या पानांत मोठी गळतीही दिसली. त्या पहाटेच्या आधीची दोन वर्षं वहीतून गायबच होती. विचारत गेल्यावर कळलं की त्या काळात त्यांनी रोज २० मिनिटं बसणं सोडलं नव्हतं, संध्याकाळी चालायला सुरुवात केली होती, ऑफिसातली जादा जबाबदारी सोडली होती आणि आईच्या आजारपणाबद्दल बहिणीशी मोकळेपणी बोलणं झालं होतं. सगळं श्रेय त्या अर्ध्या तासाला देऊन मोकळं होणं सोपं असतं. भीती ओसरण्यात झोप, चालणं आणि बहिणीशी बोलणं यांचा वाटा किती, हे काट्यावर तोलता येणार नाही. पण ते लिहिलंच नाही, तर वाचक फक्त पहाटेची वाट बघत बसेल आणि ती आली नाही की स्वतःला दोष देईल.

लाल पानांत नवरा, सासर आणि जुनी भांडणं यांचीही बरीच जागा होती. ‘मी सर्वांना क्षमा केली’ या वाक्यापुढे कुणी काय केलं होतं याची चार पानं! जॉन वेलवुड या मानसोपचारकाने १९८० च्या दशकात या सवयीला नाव दिलं होतं. मराठीत आध्यात्मिक पळवाट म्हणू या. न सुटलेलं दुखणं मोठ्या तत्त्वाखाली झाकायचं. अशा मजकुरासाठी वेगळी वही ठेवायची, कुणालाही न दाखवायची. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहिलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा तुलनेने कमी झाल्या. तेच माप इथे घेतलं. चार दिवसांनंतर त्या चार पानांतली दीड ओळ पुस्तकात राहिली.

आता अहंकाराचा प्रश्न. आमचं मत स्पष्ट आहे: पुस्तक लिहावंसं वाटणं हा अहंकार नाही, आणि ‘मी तर कुणीच नाही’ असं दर पानावर म्हणणं ही नम्रता नाही. तपासायचं एवढंच, की एखादं वाक्य काढलं तर वाचकाचं काही अडतं का. ‘मला सांगितलं गेलं’, ‘फार थोड्यांना हे लाभतं’ अशी वाक्यं काढून कुणाचं काही अडत नाही. फक्त लेखकाची खुर्ची जमिनीवर येते. किल्लीच्या भांडणाचं मात्र उलट. ते पुस्तकात आणायचं ठरलं. पूर्वी असं भांडण झालं की घरात दोन दिवस अबोला असे, आता अर्ध्या तासात त्या स्वतः जाऊन बोलतात. ‘राग कायमचा जातो’ या वचनापेक्षा हा फरक वाचकाच्या कामाचा, आणि खराही. कोरडे पाषाणची बोचणी तिथेच निम्मी कमी झाली, कारण पुस्तक जे वचन देत नव्हतं ते मोडल्याचा आरोप करायला जागाच उरली नाही.

वचन लहान करणं हे सगळ्यात अवघड गेलं. ‘जागृतीचा मार्ग’ हे आधीचं नाव. नवा विषय: जवळचं माणूस गेल्यानंतर रात्री येणारी मरणाची भीती, आणि त्या वेळी करायच्या गोष्टी. पहाटेचा अनुभव दुसऱ्या प्रकरणात, चार पानांत. पहिल्या प्रकरणात नको, कारण मग उरलेलं पुस्तक त्याच्या सावलीत वाचलं जातं. पुस्तकाचा आकार ठरला ४५,००० शब्द, बारा प्रकरणं. रोज ५०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे कच्चा खर्डा १८ आठवड्यांचा. ‘शुद्ध चैतन्य’ गेलं आणि पहिल्या पानावर आलं: “तीनला जाग आली, छाती धडधडू लागली की मी आधी दिवा लावते. मग दोन्ही तळपाय जमिनीला टेकवते.”

प्रत्येक कृती सहा जणांकडून करून घेतली, त्यांतले दोघे अशा गोष्टींवर विश्वास नसलेले. छापील एक पान द्यायचं, तोंडी काहीही समजवायचं नाही, १४ दिवसांनी विचारायचं: कुठे अडलात, काय सोडून दिलंत, त्रास झाला का? ‘श्वासाकडे लक्ष द्या’ ही निरुपद्रवी वाटणारी सूचना इथे फसली. दोघांनी नकळत श्वास ओढून घ्यायला सुरुवात केली आणि एकाला गरगरलं, कारण जोरात भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं. घाबऱ्या स्वभावाच्या एकीचं लक्ष श्वासावर गेलं की धडधड वाढत होती. बदललेली सूचना अशी: डोळे उघडे, पाच मिनिटं, लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजावर, श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या, अस्वस्थ वाटलं तर उठा, उठणं म्हणजे हरणं नव्हे.

ध्यानाने कुणाचंच वाईट होत नाही, ही समजूत लेखकांत फार पक्की असते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या मुलाखतींवरून भीती, निद्रानाश, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं अशा त्रासांची सविस्तर नोंद केली आहे. त्यामुळे काही इशारे परिशिष्टात न दडवता कृतीच्या शेजारीच छापायचे. श्वास रोखणं किंवा जलद श्वसन गरोदरपणात, हृदयविकारात, वाढलेल्या रक्तदाबात, अपस्मारात (फिट येण्याच्या आजारात) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मानसिक आजाराची औषधं पुस्तक वाचून बंद करायची नाहीत. लेखकाने स्वतः औषध थांबवलं असेल, तर तो भाग पुस्तकात न आलेलाच बरा.

बहिणीशी झालेलं बोलणं छापायचं तर तिची परवानगी हवी, तीही मजकूर वाचून दिलेली, लेखी. नाव बदलून भागत नाही. लेखिका कोण हे कळलं की बहीण कोण हेही कळतं. बहिणीने दोन वाक्यं काढायला लावली, काढली. गुरूंकडून खासगीत मिळालेला मंत्र किंवा प्रवचनाचं ध्वनिमुद्रण उतरवून घेतलेला मजकूर यांनाही हाच न्याय, कारण ते शब्द लेखकाचे नसतात.

एक तयारी छपाईआधीच करावी लागते. मरणाच्या भीतीवरचं पुस्तक वाचून लोक रात्री-अपरात्री मजकूर पाठवतात आणि लेखकाला वाटतं, आपणच वाचवायचं. बाईंनी ठरवलं: पत्रांची उत्तरं आठवड्यातून एकदाच, फोन नंबर पुस्तकात नाही, आणि जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर अध्यात्मावर एक अक्षर नाही. मदतवाहिनी आणि आपत्कालीन सेवेचा क्रमांक पुस्तकातच पहिल्या पानांवर घातला. कारण पत्र आठवडाभर न उघडलेलं पडून राहू शकतं. आणि अशा पत्रासाठी उत्तराचा मसुदा तयार करून ठेवला: “तुमचं पत्र वाचलं. जे होतंय ते एकट्याने सोसू नका. आत्ताच तुमच्या जवळच्या एका माणसाला हे पत्र दाखवा आणि त्याच्यासोबत आजच डॉक्टरांकडे जा. जायला उशीर लागणार असेल तर सोबत दिलेल्या क्रमांकावर लगेच फोन करा.”