निवडणुकीतल्या डिबेटमध्ये मतदारांच्या जिव्हाळ्याचे प्रश्न खरंच येतात का?

येतात, पण अर्धेमुर्धे. महागाई, नोकऱ्या, उपचारांचा खर्च हे विषय निघतात, पण उत्तराला मिळतात जेमतेम दोन मिनिटं. त्यातली दीड समोरच्याचे वाभाडे काढण्यात जातात.

मुळात प्रश्न कोण विचारतो यावर बरंच ठरतं. पत्रकाराला बातमी हवी असते, त्यामुळे त्याचा प्रश्न बहुधा कालच्या वादग्रस्त विधानावर येतो. १९९२ च्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतली रिचमंड शहरातली डिबेट आठवा. तिथे प्रश्न साध्या मतदारांचे होते. एका बाईने विचारलं, राष्ट्रीय कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांना प्रश्नच नीट कळेना. त्यांचे प्रतिस्पर्धी क्लिंटन मात्र उठून तिच्याजवळ गेले आणि तुमच्या ओळखीतल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्यात ना, असं उलट तिलाच विचारू लागले. (त्यांनी तरी कर्जाचं उत्तर दिलं का? फारसं नाही. पण तिला नेमकं काय टोचतंय ते त्यांनी ओळखलं.) आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर बुश यांनी घड्याळाकडे टाकलेली नजर!

काही विषय तर सरळ गाळले जातात. अमेरिकेतच २०१२ मध्ये ओबामा आणि त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी तीनदा डिबेटमध्ये समोरासमोर आले, पण हवामान बदलाचं नावही निघालं नाही.

म्हणून मी डिबेट बघतो ती माणूस अडचणीच्या प्रश्नावर कसा वागतो ते बघायला. धोरण समजून घ्यायचं तर जाहीरनामा उघडतो आणि पैसा कुठून आणणार, तेवढं आधी शोधतो.