पंचवीसचे बावन्न आणि तुमचं खोडरबर

"मुलगा दुसरीत आहे, मराठी माध्यमात. वाळवंटी नदीचं पाणी चढलं की शाळा बंद, मग बाई व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवतात. सकाळी नऊला बसवते, बारा वाजले तरी पान होत नाही, रडत बसतो. पंचवीस लिही म्हटलं की ५२ लिहितो, मग मी खोडून परत लिहायला लावते. नवरा म्हणतो मोबाईलनं बिघडलाय. जावेचा मुलगा इंग्रजी शाळेत, त्याचं सगळं झटपट होतं. माझं कुठं चुकतं?"
– एक आई, साखळी

ताई, जावेचा मुलगा, मोबाईल, नवऱ्याचं बोलणं, सगळं बाजूला ठेवा. तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचं एकच वाक्य आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पंचवीसचे ५२ होतात आणि तुम्ही खोडता.

त्या खोडरबराचा मला फार राग आला. तुम्ही खोडता ती चूक बाईंना दिसायलाच हवी. त्यांच्याकडे स्वच्छ पानाचा फोटो गेला की त्यांना वाटतं, याला येतं, आणि त्या पुढे जातात. पोराला मात्र एवढंच कळतं की आईला आवडलं नाही. का, ते कळत नाही.

का ते सांगते. तो ऐकतो तसं लिहितो. 'पंच' आधी कानावर पडतं, 'वीस' मागून. म्हणून आधी ५, मग २. मराठीत एकवीसपासून पुढे बहुतेक आकडे असे एककापासून बोलले जातात. इंग्रजीत 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणताना दशक आधी येतं, तेव्हा जावेच्या मुलाला हा खड्डा लागतच नाही. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्याचं मूळ हेच.

आता करायचं काय? माडाच्या झावळीचे हीर काढा, वीतभर लांबीचे ऐंशी तुकडे करा. दहा-दहा मोजून रबरबँड त्यालाच लावू द्या, तुम्ही बांधून देऊ नका. दहाची जुडी त्याच्या हातातून व्हायला हवी. सात जुड्या झाल्या की उरलेले दहा सुटे राहू द्यात. तुम्ही 'पंचवीस' म्हणा. पूर्ण शब्द ऐकेपर्यंत पेन्सिल खाली. आधी दोन जुड्या डाव्या हाताला, मग पाच सुटे उजवीकडे. मांडून झाल्यावरच डावीकडून लिहायचं. वीज गेली, नेट गेलं, तरी हे अडत नाही.

आकडे निवडताना बावीस, तेहेतीस टाळा. ते उलटे लिहिले तरी तेच दिसतात, चूक लपते. जोड्या घ्या: पंचवीस आणि बावन्न, चौतीस आणि त्रेचाळीस. दोन्ही शेजारी शेजारी मांडून घ्या, कुठला ढीग मोठा ते त्याच्या डोळ्यांना दिसू द्या. एकोणतीस चार दिवसांनी, कारण तिथं अडचण वेगळी आहे. 'तीस' ऐकून तो ३९ लिहील. तीन जुड्या ठेवा, एक सोडा, त्यातला एक हीर काढून घ्या. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे त्याला तेव्हा हातात कळेल.

दिवसाला पाच आकडे आणि पंधरा मिनिटं, बस्स. तीन तास? सात वर्षांच्या पोराला? त्याच्या जागी मीही रडले असते. पंधरा मिनिटांनंतर वही मिटा, पान अर्धं राहिलं तर राहू दे.

आणि चुकलं की खोडायचं नाही. त्यावर त्यानंच एक आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा, दोन्ही दिसतील असा फोटो काढायचा. फोटोखाली तुम्ही लिहा: "बाई, पंचवीसला ५२ होतंय, हीर मांडून करून घेतेय. शाळेतही मांडून घ्याल का?"

खोडरबर आजच वरच्या फळीवर ठेवा, त्याच्या नव्हे, तुमच्या हाताला लागणार नाही असं.