माशाला शुगर होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: बोडीतल्या (गावाकडच्या लहान तळ्यातल्या) रोहूला रोज तांदळाचा कोंडा घालतो, तर त्याला शुगर होईल का? आणि माशात इन्सुलिन असतं तरी का?

असतं, आणि तेही मोठ्या मानाचं. १९२२ साली टोरांटोचे शरीरशास्त्रज्ञ मॅक्लिऑड यांनी इन्सुलिन स्वादुपिंडाच्या नेमक्या कुठल्या पेशींतून येतं, हे माशांवरच दाखवलं. काही समुद्री माशांत त्या पेशींचा गोळा वेगळाच असतो, त्यामुळे तो सुटा काढता येतो. रोहूत मात्र स्वादुपिंड शोधत बसू नका. ते आतड्याभोवती आणि यकृतात विखुरलेलं असतं.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. भंडारा जिल्ह्यात आमची घरची बोडी आहे, म्हणून बाबांच्या शुगरच्या मशीनवर एकदा हा उद्योग केला. अलगद काढलेल्या रोहूच्या शेपटीच्या मुळाशी सुई टोचून थेंब घेतला, तर ६८. अर्धा तास जाळ्यात तडफडलेल्या दुसऱ्याचा १३४. मशीन माणसांसाठीची, आकडा काटेकोर नाही, पण एवढा फरक लपत नाही. जाळं ओढणारे ढिवर काका बघतच राहिले. "मासोईलेबी शुगर राह्यते का, बाप्पा?"

ती शुगर नव्हती, घाबरणं होतं. आपल्या मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते, तशी माशाला नसते. डोक्यालगतच्या मूत्रपिंडातल्या पेशी ते काम करतात. आधी अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, मागोमाग कॉर्टिसॉल, दोन्ही ताणाची संप्रेरकं. यकृतात साठवलेली साखर रक्तात उतरते. स्वादुपिंडातलं ग्लुकागॉन हे संप्रेरकही तेच करतं. आणि वजन उतरवायच्या इंजेक्शनांमुळे सध्या गाजणारं, आपली साखर उतरवणारं जीएलपी-१ हे संप्रेरक? माशाच्या यकृतात ते उलट साखर वाढवतं!

इन्सुलिनचंही तसंच. आपल्यात ते मुख्यतः साखरेच्या इशाऱ्यावर सुटतं, बऱ्याच माशांत प्रथिनांतली अमिनो आम्लं त्याला जास्त हलवतात. किडे-मासे गिळणाऱ्याच्या पोटात भात जाणार कधी? म्हणून मांसाहारी माशाला ग्लुकोज दिलं तर रक्तातली साखर तासन्‌तास उतरत नाही. मरळ त्याच पंगतीतली. रोहूचं आतडं लांबलचक, स्टार्च पचवणारं, त्याला कोंडा बऱ्यापैकी झेपतो.

पण नुसता कोंडा नको. जादा स्टार्च यकृतात ग्लायकोजन (साठवणीची साखर) आणि चरबी होऊन बसतो, अंगावर मांस चढत नाही. सोबत प्रथिनांसाठी शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, घाला.

राहिला मधुमेह. मेक्सिकोतल्या गुहांत एक आंधळा मासा आहे. त्याच्यात इन्सुलिन ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं ते कुलूपच बिघडलेलं, रक्तात साखर चढलेली, अंगाने जाडजूड. आपण अशाला गोळ्या सुरू केल्या असत्या. २०१८ मध्ये संशोधकांनी हे छापलं तेव्हा मासा ठणठणीत होता.