'ऐक्यासाठी प्रार्थना' यातले ऐक्य कोणते?

एका वाचकाने विचारले आहे की, १८ ते २५ जानेवारी या आठवड्यात चर्चमधून होणाऱ्या 'ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थने'त नेमके काय मागितले जाते, सगळे पंथ मोडून एकच चर्च व्हावे असे का, आणि 'ऐक्य' बरोबर की 'ऐक्यता'.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण 'ऐक्यता' हा शब्द फलकांवर, पत्रिकांत आणि प्रत्यक्ष प्रार्थनेतही इतक्यांदा भेटतो की आता तो सोसवत नाही. 'एक' या शब्दाला भाववाचक 'य' लागून पहिल्या स्वराची वृद्धी झाली की 'ऐक्य' होते, जसे 'सुंदर'चे 'सौंदर्य' आणि 'उदार'चे 'औदार्य'. भाव आधीच आलेल्या शब्दाला पुन्हा 'ता' जोडायचे कारण नाही. 'एकता' म्हणावे किंवा 'ऐक्य' म्हणावे.

याहून मोठी गफलत 'एकी' या शब्दाने होते. गावाने सावकाराविरुद्ध एकी केली, कामगारांनी मालकाविरुद्ध एकी केली, असे आपण म्हणतो. एकी करायला समोर कोणीतरी लागतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात अटकेच्या रात्री येशू जी प्रार्थना करतो, तिच्यातल्या 'त्या सर्वांनी एक व्हावे' (१७:२१) या मागणीत असा समोरचा कोणी नाही. जगाने विश्वास धरावा, हाच तिचा हेतू त्याच वाक्यात पुढे सांगितला आहे. म्हणून 'ख्रिस्ती लोकांची एकी' हे या प्रार्थनेचे मराठी रूप म्हणून मला अजिबात मान्य नाही.

आता या मागणीतल्या 'एक'च्या मूळ ग्रीक शब्दाकडे येतो. तो आहे 'हेन'. ग्रीकमध्ये 'एक'ची तीन लिंगे आहेत: हेइस, मिया, हेन. गलतीकरांस पत्रात (३:२८) 'तुम्ही सर्व ख्रिस्तात एक आहात' असे म्हणताना प्रेषित पौल पुल्लिंगी 'हेइस' वापरतो, म्हणजे जणू एकच माणूस. योहान मात्र नपुंसकलिंगी 'हेन' वापरतो, आणि 'मी आणि पिता एक आहोत' (१०:३०) या वाक्यातही त्याने तेच रूप योजले आहे. मराठीत तीन लिंगे असूनही 'एक' तिन्हींत सारखाच राहत असल्याने हा भेद भाषांतरात दिसेनासा होतो. त्यात भाषांतरकारांचा दोष नाही.

या 'हेन'चे कूळ तर त्याहून सुंदर आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ज्या एका जुन्या भाषेतून आल्या, त्या मूळ भाषेतला आरंभीचा 'स' ग्रीकमध्ये 'ह' होतो. आपले 'सप्त' तिकडे 'हेप्ता' होते. त्याच नियमाने 'हेन'चे नाते आपल्या 'एक'शी जुळत नाही, ते 'सम'शी जुळते. ज्या लॅटिन 'ऊनुस'वरून इंग्रजीतले 'युनिटी' आले, तो मात्र आपल्या 'एक'चा भाऊबंद आहे. 'एक'पासून मराठीत एकटा, एकाकी, एकांत हे शब्द आले. 'सम'च्या कुळात समाज, संगम, संवाद, संमती हे एकत्र येण्याचे शब्द नांदतात. माझे मत असे आहे की, योहानाच्या 'हेन'मध्ये हा एकत्र असण्याचा जुना अर्थ अजून जागा आहे.

व्युत्पत्तीवरून बायबलमधल्या शब्दाचा अर्थ ठरवू नये, असे जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने १९६१ मध्ये बजावले होते, आणि तेव्हापासून शब्दाच्या मुळाशी कोणी गेला की त्याच्या तोंडावर बार यांचे नाव फेकण्याची पद्धत पडली आहे. संदर्भाला डावलून व्युत्पत्ती लादणाऱ्यांना त्यांचा इशारा योग्यच आहे. येथे मात्र संदर्भ आणि व्युत्पत्ती एकाच दिशेने जातात: 'जसा तू माझ्यामध्ये व मी तुझ्यामध्ये' असे योहानातले ते (१७:२१) वाक्यच सांगते, आणि तेथे पिता पिताच राहतो व पुत्र पुत्रच राहतो. बार यांचे नाव घेणाऱ्यांनी हे वाक्य आधी पूर्ण वाचावे.

सगळे पंथ मोडून एकच चर्च व्हावे का, या वाचकाच्या मुख्य प्रश्नावर या प्रार्थना-आठवड्याच्या इतिहासातच दोन मते आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेमूर येथे धर्मगुरू पॉल वॉटसन यांनी १९०८ मध्ये हा आठवडा सुरू केला, तेव्हा त्यांच्या मनात सर्वांनी रोमकडे, म्हणजे पोपच्या कॅथलिक चर्चकडे, परतणे हाच ऐक्याचा अर्थ होता. पुढे १९३० च्या दशकात फ्रान्समधल्या लियाँ शहरातले धर्मगुरू पॉल कुतुरिए यांनी तो बदलला: ख्रिस्ताला हवे ते ऐक्य, त्याला हवे तेव्हा आणि त्याला हव्या त्या मार्गाने मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी शिकवली, आणि ती कॅथलिक, प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स यांना आपापल्या जागी राहून एकत्र करता येऊ लागली. 'प्रार्थना' या शब्दातला 'अर्थ्' धातू मागण्याचाच आहे. मागणाऱ्याने देणाऱ्याला नमुना ठरवून देऊ नये, हे कुतुरिए यांनी ओळखले.

पंथ प्रत्यक्ष एकत्र आल्याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यांपैकी काही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत, तर काही माणूस जाणता होऊन स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत थांबत. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या, आणि एकाच वेदीपुढे दोन्ही तऱ्हांची कुटुंबे उभी राहू लागली. हे 'सम'च्या कुळातले ऐक्य आहे. मराठी प्रोटेस्टंट चर्चला 'मंडळी' म्हणतात तेही मला म्हणूनच आवडते: 'पाहुणेमंडळी जेवायला बसली' या वाक्यात माणसे अनेक असूनही क्रियापद एकवचनी राहते.

क्रियापदाचाच विषय निघाला म्हणून शेवटची सूचना. इफिसकरांस पत्रात (४:३) 'हेन'पासूनच झालेला 'हेनोतेस' हा शब्द येतो, आणि त्याच्याबरोबरचे क्रियापद 'राखणे' हे आहे. तेव्हा प्रार्थनेच्या पत्रिकेत 'ऐक्य घडवण्यासाठी' असे छापू नये. ऐक्य मागावे आणि मिळालेले राखावे, असे लिहावे.