नोटरीवर घेतलेले दोन गुंठे नावावर होतील का?

प्रश्न : आम्ही 2011 मध्ये हवेली तालुक्यात दोन गुंठे जागा घेतली. यजमानांचा पीएफ काढला, माझ्या पाटल्या मोडल्या. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली, ताबा मिळाला, पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या. ‘मोजणी झाल्यावर खरेदीखत करून देऊ’ असं कागदात लिहिलंय. जागामालक 2019 मध्ये वारले. त्यांचे मुलगे आता आणखी तीन लाख मागतात. नाही दिले तर खरेदीखत करणार नाही, असा मेसेज त्यांनी मार्चमध्ये पाठवला. एजंट म्हणतो, तुकडेबंदी उठली, मागच्या तारखेचा कागद करून देतो, लगेच नाव लागेल. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक करा. एजंटाच्या त्या मागच्या तारखेच्या कागदावर सही करू नका. वारलेल्या माणसाच्या नावाने किंवा जुनी तारीख घालून कागद केला, तर तो बनावट दस्त ठरतो. आज तुमची बाजू खरी आहे. त्या कागदाने तुम्हीच आरोपी व्हाल.

तुकडेबंदी उठलेली नाही, तिच्यात फट पडली आहे, आणि ती नेमकी कुठे पडली हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल. हा कायदा 1947 चा, तेव्हाच्या मुंबई प्रांताचा. वाटण्या होत होत शेतं इतकी बारीक होऊ नयेत की औतसुद्धा फिरणार नाही, एवढाच त्याचा हेतू होता. त्यासाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेताचं किमान क्षेत्र, ठरवलं. त्याहून लहान तुकडा लगतच्या शेतकऱ्याशिवाय दुसऱ्याला विकता येत नाही, आणि विकला तर व्यवहार कायद्याने शून्य. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं खाली आणलं. मार्च 2024 मध्ये विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांसाठी त्याहूनही लहान जागा घ्यायला ठरावीक अटींवर मुभा मिळाली. पण राहायला घेतलेले तुमचे दोन गुंठे यांतल्या कशातच बसत नाहीत.

तुमच्या कामाचा बदल वेगळा आहे. 2017 च्या दुरुस्तीने जुने व्यवहार बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करायची सोय केली. ती एवढी महाग होती की फारसं कोणी पुढे आलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये ती रक्कम 5 टक्क्यांवर आली. आणि नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने, 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले व्यवहार एक पैसाही न भरता नियमित करायचं ठरवलं. मात्र त्यासाठी जमीन शहरी हद्दीत, प्राधिकरणाच्या क्षेत्रात किंवा आराखड्यात रहिवासी, व्यापारी, औद्योगिक अशा बिगरशेती वापराला राखलेली हवी. तुमचा 2011 चा व्यवहार तारखेत बसतो. जागेत बसतो का, हे तुमच्या पत्रावरून मला सांगता येत नाही. म्हणून गट नंबर घेऊन झोन दाखल्याचा, म्हणजे आराखड्यात जमीन कोणत्या वापराला राखली आहे हे सांगणाऱ्या कागदाचा, अर्ज टाका. दाखल्यावर रहिवासी विभाग आला तर तुमचा रस्ता बराच मोकळा झाला. शेती विभाग आला तर ही माफी गृहीत धरू नका, आणि दाखला हातात येईपर्यंत मुलग्यांना एक रुपयाही देऊ नका.

आता मुद्द्याची गोष्ट, जी एजंट कधीच सांगत नाहीत. या अध्यादेशाने जागा लहान असल्याचा दोष माफ केला आहे. खरेदीखत नसल्याचा दोष त्याने माफ केलेला नाही. तुमचा कागद मी डोळ्यांसमोर आणू शकतो, कारण असे कागद माझ्या टेबलावर आठवड्याला येतात. वर शंभराचा स्टॅम्प, खाली नोटरीचा लाल गोल शिक्का, मागे पेनाने काढलेला चौकोन आणि त्याच्या कडेला ‘पूर्वेस 15 फुटी रस्ता’. हा कागद व्यवहार झाल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सूरज लॅम्प प्रकरणात सांगून ठेवलंय की साठेखत (पुढे विकण्याचा करार) किंवा कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, नोंदणीकृत खरेदीखत लागतं. तुमच्याकडे मालकाने दिलेलं कुलमुखत्यारपत्र असेल, तर तेही त्यांच्याबरोबरच 2019 मध्ये संपलं. जुना कागद आता नेऊन नोंदवता येईल का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही येत. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत, आणि दंड भरून फार तर पुढच्या चार महिन्यांत सादर करावा लागतो.

तेव्हा नवं खरेदीखत लागेल, आजच्या तारखेचं. शासनाने अध्यादेशानंतर काढलेल्या कार्यपद्धतीत नोटरीवरच्या व्यवहारांनाही वाट ठेवली आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरून दस्त नोंदवायचा, मग फेरफार होऊन नाव सातबाऱ्यावर चढतं. तुमचा 2011 चा मूळ कागद इथे कामाला येतो, कारण व्यवहार मुदतीतला असल्याचं तोच दाखवतो. त्याला जोड म्हणून ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि पहिलं लाइट बिल शोधून ठेवा. मूळ कागदाचं लॅमिनेशन मात्र करू नका.

सह्या कोणाच्या घ्यायच्या, यात लोक हमखास चुकतात. मुलगेच घरात बोलतात म्हणून त्यांच्याच सह्या घेतात. मालकाला मुली असतील तर त्यांचाही वाटा आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलीला जन्मापासूनच मुलाइतका हक्क देणाऱ्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर त्यात शंकाच उरलेली नाही. विधवा पत्नी हयात असेल तर तिचीही सही हवी. एक वारस बाहेर राहिला तर पाच वर्षांनी तोच दारात उभा राहतो. दरम्यान त्यांनी ही जागा दुसऱ्याला विकली तर नाही ना, हे दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घेऊन बघा.

तीन लाखांचं काय? ठरलेली पूर्ण रक्कम दिल्याचं कागदात असेल, तर कायद्याने तुम्ही एक पैसाही देणं लागत नाही. तरी दावा वर्षानुवर्षं चालतो हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही. थोडं देऊन सगळे वारस सहीला येत असतील तर तडजोड करायला माझी हरकत नाही. फक्त ते पैसे चेकने, निबंधकाच्या टेबलावर दस्त होताना, आणि दस्तात उल्लेख करून द्या. निबंधकाने दस्त घ्यायला नकार दिला तर तो लेखी मागा, त्यावर 30 दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अपील करता येतं. मालकी तपासणं हे नोंदणी अधिकाऱ्याचं काम नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये दोनदा सांगितलं, एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या आणि नोव्हेंबरमध्ये बिहारच्या नियमांवर. पण त्यामुळे फसू नका. 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तुकड्यांचे दस्त अडवणारं परिपत्रक रद्द केलं, तेव्हा लोकांनी धडाधड दस्त केले. दस्त नोंदवला म्हणून बेकायदा व्यवहार कायदेशीर होत नाही, आणि अशांपैकी पुष्कळांचे फेरफार पुढे अडले. म्हणूनच झोन दाखला आधी, दस्त नंतर.

खोल्यांचा प्रश्न स्वतंत्र आहे. जागा नियमित झाली म्हणून बांधकाम आपोआप नियमित होत नाही. त्यासाठी गुंठेवारी कायदा (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या प्लॉटवरची बांधकामं नियमित करणारा) तुमच्या भागात लागू होतो का, हे पुढच्या टप्प्यात बघू.

आता तो मार्चमधला मेसेज. कागदात खरेदीखताची तारीख नाही, त्यामुळे करारपूर्तीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्यांचा नकार तुम्हाला कळला त्या दिवसापासून मोजली जाते. म्हणजे घड्याळ सुरू झालंय. (कोर्टात हा कागद वाचायला घ्यायच्या आधी कमी पडलेलं मुद्रांक शुल्क आणि दंड भरावा लागेल, ती तयारी ठेवा.) मेसेज पुसू नका, मोबाइल विकू नका. वकिलामार्फत सगळ्या वारसांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि त्याच आठवड्यात झोन दाखल्याचा अर्ज द्या. दाखला हातात आला की त्याची प्रत आणि सातबाऱ्याचा ताजा उतारा घेऊन पुन्हा लिहा.