कंपनीचं पर्चेस डिपार्टमेंट ट्रान्सफॉर्म करायचंय, सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की रबाळेला प्लांट आहे, पर्चेसमध्ये मोजकी माणसं आहेत, मॅनेजमेंटला नवं सॉफ्टवेअर आणायचंय आणि वर्षभरात सेव्हिंग दाखवायचंय, तर सुरुवात कुठून करू. माझ्या मते अकाउंट्सच्या टेबलापासून. क्रेडिटर्सचं एजिंग काढून घ्या, कुठल्या व्हेंडरचं बिल कधीपासून अडकलंय ते नीट बघा, आणि ते बघितल्याशिवाय कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला डेमोला बोलावू नका.

हे इतक्या ठामपणे का सांगतोय त्याला कारण आहे. आधीच्या कंपनीत (नाव नको) आमचे कॉरुगेटेड बॉक्स वसईच्या एका गाळ्यातून यायचे. मालक स्वतः मशीनवर उभा राहणारा. दिवाळीआधी डिस्पॅच वाढला की एका फोनवर रात्री टेम्पो भरून पाठवायचा, पीओ (पर्चेस ऑर्डर) दुसऱ्या दिवशी जायची. मग वरून फर्मान आलं, पर्चेस ट्रान्सफॉर्म करा. कन्सल्टंट आले, सगळा खर्च एक्सेलमध्ये मांडला, पीटर क्राल्जिकने १९८३ साली मांडलेले, खरेदीच्या वस्तू पैसा आणि पुरवठ्याचा धोका यांवरून वाटणारे ते चार चौकोन काढले, आणि बॉक्स टाकले 'पैसा जास्त, धोका कमी' या चौकोनात, म्हणजे रिव्हर्स ऑक्शन, व्हेंडरनी एकमेकांपेक्षा कमी भाव बोलायचा लिलाव. क्राल्जिकचं काही चुकलेलं नाही, पद्धत चांगलीच आहे. पण धोका कमी आहे हे ठरवलं कोणी, तर ज्यांनी जुलैमध्ये भिवंडीचं गोडाऊन आतून कधी बघितलं नव्हतं त्यांनी.

ऑक्शनच्या शीटमध्ये साइझ, प्लाय (कागदाचे थर) आणि जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर वजन) एवढंच होतं. मी म्हटलं बर्स्टिंग फॅक्टर (बीएफ), म्हणजे कागद किती दाबाला फाटतो तो आकडा, टाका, एकाच जीएसएमचा कागद १४ बीएफचाही येतो आणि १८ चाही, भावात फरक असतो आणि ताकदीतही. उत्तर मिळालं की स्पेक सोपं ठेवा, जास्त पार्ट्या येतील. आल्याच. स्क्रीनवर भाव खाली खाली जात राहिले, वसईवाले एका आकड्याला थांबले आणि मला फोन करून म्हणाले, "साहेब, ह्या भावात वापीहून कागदसुद्धा येत नाही, बघा तुम्ही." ऑर्डर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव बोललेल्या पार्टीला गेली, सेव्हिंगचा आकडा प्रेझेंटेशनमध्ये गेला, सगळे खूश.

पावसाळ्यात काय झालं ते पॅकेजिंगमधल्या कोणालाही सांगायला नको. क्राफ्ट कागद हवेतली ओल ओढतो, स्टार्चचा गम नरम पडतो, आणि कागद मुळात कमी बीएफचा असला की थप्पीतले खालचे बॉक्स बसतात. डिस्ट्रिब्युटरकडून माल परत, रीपॅकिंग, दोन्ही बाजूचं भाडं. हा सगळा खर्च पडला लॉजिस्टिक्सच्या खात्यात, आणि पर्चेसचं सेव्हिंग स्लाइडवर जसंच्या तसं. एकाही माणसाने ते वजा केलं नाही.

मग मला पाठवलं वसईला, त्यांना परत आणायला. त्यांनी चहा पाजला आणि आमचं लेजर पुढे ठेवलं. पीओवर ६० दिवस लिहिलेले, पैसे येत होते चार-चार महिन्यांनी. वापीची मिल काही चार महिने थांबत नाही, त्यामुळे ते बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट पूर्ण वापरून वर बाजारातून उसने घेत होते. सरळ म्हणाले, "व्याज रेटमध्ये धरूनच तुम्हाला देत होतो. हाच बॉक्स दुसऱ्या कंपनीला स्वस्त देतो, ते वेळेवर देतात." म्हणजे आम्ही ऑक्शनमध्ये जो भाव पिळत होतो त्यातला एक हिस्सा आमच्याच उशिराचं व्याज होतं.

मी हे मीटिंगमध्ये मांडलं. फायनान्स हेड म्हणाले, व्हेंडर क्रेडिट म्हणजे फुकटचं वर्किंग कॅपिटल. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो, ते फुकट नाही. आपल्याला बँक ज्या दराने पैसे देते त्याच्यापेक्षा गाळ्यातल्या माणसाला महाग पडतात, आणि आपला बोजा त्याच्यावर टाकला की तो महाग होऊन आपल्याच रेटमध्ये परत येतो.

कायदा २००६ पासून आहे. लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे मायक्रो आणि स्मॉल सप्लायरला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५, उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण गिऱ्हाइकावर केस कोण करणार? मग आयकरात ४३बी(एच) आलं, २०२३-२४ च्या हिशोबापासून, की मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी तो खर्च धरता येईल. आणि मार्च २०२४ मध्ये हेच फायनान्सवाले व्हेंडरना फोन करून उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग असल्याच्या सरकारी नोंदणीचा दाखला) मागायला लागले. काहींनी तर सुचवलं की मीडियम साइझच्या पार्ट्यांकडे वळा म्हणजे हे लागू होत नाही. निव्वळ नालायकपणा आहे हा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर घ्या, पण नंतर. आधी व्हेंडर मास्टर, म्हणजे सिस्टिममधली व्हेंडरची यादी, साफ करा, एकच पार्टी तीन कोडवर असते. प्रत्येक दुसरा इंडेंट (मागणीपत्र) 'अर्जंट' का येतो ते स्टोअर्समध्ये जाऊन बसून बघा. स्पेकवर वापरणाऱ्याची सही घ्या. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्यापासून बिल पास होईपर्यंत कागद कोणाच्या टेबलावर पडून राहतो ते शोधा, नाहीतर पीओ मिनिटात निघेल आणि बिल जिथे अडकत होतं तिथेच अडकेल.

आणि हो, रिव्हर्स ऑक्शन सगळीकडे वाईट असं म्हणत नाहीये, लॅपटॉप, ए-फोर कागद, कुरिअर यांना खुशाल करा. पर्चेसमध्ये पाकीट घेणारी माणसं असतात हेही खरं, त्यासाठी कोणी कुठली कॅटेगरी बघायची ते फिरवत ठेवा. कंपनीकडे खरंच रोख कमी असेल तर ट्रेड्स (TReDS, लघुउद्योगांच्या बिलांवर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) बघा, तिथे व्हेंडरला पैसे बँक किंवा एनबीएफसीकडून (बिगर-बँक फायनान्स कंपनीकडून) लवकर मिळतात आणि तुम्ही ड्यू डेटला भरता. टर्नओव्हर २५० कोटींच्या वर असेल तर त्यावर नोंदणी सक्तीचीच आहे. फक्त बिल वेळेवर अ‍ॅक्सेप्ट करावं लागतं, तिथेही टाळाटाळ करणारे आहेत.

सेव्हिंगचं टार्गेट घ्यायच्या आधी फायनान्सकडून एक गोष्ट मेलवर लेखी घ्या. रिजेक्शन, परत आलेला माल, रीपॅकिंग आणि अर्जंट भाडं हे सगळं त्या आकड्यातून वजा होईल, आणि पेमेंटला झालेला उशीर पर्चेसच्या नाही, त्यांच्या रिपोर्टमध्ये दिसेल. ते नाही म्हणाले तर तो आकडा तुमच्या नावावर घेऊ नका.