देपालपूरकडच्या गावात 40 शौचालयं बांधून दिली, तर मुलांचे आजार कमी होतील का?

तुम्ही विचारलंय, इंदूरच्या तुमच्या मराठी मंडळाकडे देणगी जमली आहे, देपालपूर तहसिलीत 120 घरांचं एक गाव धरलं आहे, तिथं 40 शौचालयं बांधली तर जुलाब आणि जंत कमी होतील का.

नुसती बांधून सोडलीत तर बहुधा नाही. पुरावा तुमच्या शेजारीच आहे. स्वच्छ भारतच्या आधीची सरकारी शौचालय योजना, म्हणजे संपूर्ण स्वच्छता अभियान, चालू होती त्या काळात धार आणि खरगोन जिल्ह्यांतल्या 80 गावांत रीतसर चाचणी झाली, निकाल 2014 मध्ये आले. अभियान राबवलेल्या गावांत 41 टक्के घरांत बऱ्यापैकी शौचालय होतं, बाकीच्यांत 22 टक्के. पण त्या चांगल्या गावांतही 73 टक्के मोठी माणसं उघड्यावरच जात होती (बाकीच्यांत 84). मुलांचे जुलाब, जंत, रक्तक्षय, वाढ, कशातच फरक दिसला नाही. ओडिशातल्या 100 गावांच्या चाचणीत तर शौचालयं 9 टक्क्यांवरून 63 वर गेली, जुलाब तेवढेच राहिले.

कारण साधं आहे. 120 पैकी 80 घरं नाल्याकाठी जात असली तर माशा, पावसाचं पाणी आणि अनवाणी पाय उरलेल्या 40 घरांतही मैला पोचवतात. म्हणून माझा सल्ला: गावभर वाटू नका. एखादा 40-50 घरांचा मजरा (गावाची वेगळी वाडी) निवडा आणि तिथलं एकही घर सोडू नका. आधी घरोघर जाऊन जुनी शौचालयं मोजा. कित्येकांत गोवऱ्या नाहीतर कडबा भरलेला सापडेल. त्यांतली बरीचशी दुरुस्त होतात आणि दुरुस्ती नव्यापेक्षा स्वस्त पडते. स्वच्छ भारत मिशनचे 12,000 रुपये कोणाला मिळालेत, कोण पात्र आहे, हे पंचायतीत विचारा. तुमचा पैसा त्याला जोड म्हणून वापरा.

आता खड्डा. देणगीदारांना टाइल्स आणि नावाची पाटी दिसते, पण शौचालय बंद पडतं ते जमिनीखाली. सेप्टिक टाकीच्या नादी लागू नका. गावात ती उपसायला गाडी येत नाही आणि आली तर गाळ कुणाच्या तरी शेतात रिकामा करते. दोन शोषखड्डे करा. पाच माणसांच्या घराला प्रत्येकी 1 मीटर आतला व्यास आणि 1 ते 1.2 मीटर खोली पुरते, दोन खड्ड्यांत निदान 1 मीटर अंतर ठेवायचं. विटांचं बांधकाम जाळीदार, एकाआड एक थरात दोन-दोन इंचांची भोकं. वरचा एक फूट मात्र सलग. तळाला सिमेंट नको. मिस्त्री प्रेमानं सगळं गिलावा करून देतात आणि मग खड्डा सहा महिन्यांत भरतो, तेव्हा स्वतः उभं राहून काम करून घ्या. वायूसाठी वेगळी नळी लागत नाही, वायू मातीतच जिरतो. न्हाणीचं पाणी खड्ड्यात सोडू नका.

तुमच्याकडची खरी अडचण काळी माती. ती पाणी शोषत नाही, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथं खड्ड्याभोवती एक फूट जाडीचा वाळू-खडीचा थर द्यावाच लागतो, आणि जागा वाढवायची तर व्यास वाढवा, खोली नको. खड्ड्याचं तोंड जमिनीपेक्षा फूटभर वर ठेवून भोवती मातीचा उतार करा, नाहीतर श्रावणात पाणी आत शिरून मैला पॅनमधून वर येतो. शौचालयाच्या खोलीचा पायाही मुरमावर घ्या. खाली भेगाळ खडक लागला तर तिथंच थांबा: तळ बंद करा आणि सभोवती अर्धा मीटर बारीक वाळू भरा, कारण खडकाच्या भेगेतून घाण न गाळता थेट विहिरीत जाते. विहीर, हँडपंप 10 मीटर लांब हवेत.

पॅन शहरी दुकानातला घेऊ नका. 25-28 अंश उताराचा ग्रामीण पॅन आणि 20 मिलिमीटर पाण्याची सील असलेला ट्रॅप (पॅनखालची वाकडी नळी, तिच्यात साचलेलं पाणी वास अडवतं) घ्या. दीड-दोन लिटरमध्ये साफ होतो. शहरी पॅनला त्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. ते बाई डोक्यावरून आणते, मग चार दिवसांत सगळे पुन्हा टमरेल घेऊन शेताकडे.

पहिला खड्डा साधारण तीन वर्षांत भरतो. पॅनकडून आलेली वाट दोन खड्ड्यांकडे फुटते त्या चेंबरमध्ये ती दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला दोन वर्षं बंद ठेवायचा. जंतांची अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणून घाई नको. दोन वर्षांनी निघतं ते कोरडं सोनखत. हे घरातल्या बाईला आणि पुरुषाला, दोघांनाही चेंबर उघडून हातानं करून दाखवा.

इंदूर 2017 ते 2023 सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं, हे खरं; पण ते कचरागाड्या आणि गटारांच्या जोरावर. गावात तो नमुना चालत नाही. गावात सर्वांत दुर्लक्षित असते ती तान्ह्या मुलांची शी. तिला कोणी घाण मानत नाही आणि ती उकिरड्यावर जाते. ती शौचालयात टाकायची सवय आणि दाराशी हात धुण्याची सोय, या दोन गोष्टींवर थोडा पैसा राखून ठेवा. साबण राहत नसेल तर दीड लिटरच्या बाटलीत 30 ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा, झाकणाला भोक पाडा. बरेच दिवस पुरतं. जंतांच्या गोळ्यांचा दिवस 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला असतो. अंगणवाडीशी बोलून मजऱ्यातलं एकही मूल सुटू देऊ नका.

काम दिवाळीनंतर सुरू करा, माती वाळलेली असते आणि खणायला माणसं मिळतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा जाऊन झाकणं आणि भराव बघून या. खचलेला भराव तेव्हाच दिसतो.